आत्याचं संकेतस्थळ

आमच्या आत्याचं वधूवर सूचक मंडळ १९८८ सालापासून चालू आहे. मंडळ म्हणजे आत्या, तिच्या घराची बाहेरची खोली, एक लोखंडी कपाट आणि कपाटातली चौदा रजिस्टरं. ठाण्याला नौपाड्यात, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दर बुधवारी आणि शनिवारी चार ते सात या वेळात लोक येतात, दाराबाहेर चपला काढतात, पाणी पितात, स्थळं उतरवून घेतात आणि निघताना "कळवतो हं" म्हणतात. त्यातले बरेचसे अजून कळवतायत.

मी आयटीत आहे. म्हणजे काय, तर पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉव्हिडंट फंड नीट कापला जातो की नाही, हे दिवसभर तपासतो. पण नातेवाइकांत 'आयटीत आहे' हे 'डॉक्टर आहे'सारखंच असतं. तुम्ही कानाचे डॉक्टर असलात तरी मुंजीत भेटलेला माणूस तुम्हाला गुडघाच दाखवतो. मला आजवर प्रिंटर, दोन टीव्ही, एक मिक्सर आणि शेजारच्या काकांचं जावयाशी व्हॉट्सॲपवर झालेलं भांडण इतकं दाखवून झालं आहे. त्यामुळे दिवाळीत फराळाची ताटली हातात देता देता आत्या म्हणाली, "अरे, मंडळाची एक वेबसाइट करून दे," तेव्हा मी चकलीचा तुकडा मोडला आणि हो म्हणून बसलो.

पहिली अडचण नावातच आली. मी मराठीच्या अभिमानाने 'संकेतस्थळ' म्हणालो. आत्या मराठीची निवृत्त शिक्षिका. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "संकेतस्थळ म्हणजे काय, ठाऊक आहे? अभिसारिका रात्रीची लपतछपत प्रियकराला भेटायला जाते ना, ती जागा. माझ्याकडे बुधवार-शनिवार, चार ते सात. आणि बरोबर आईवडील." तेव्हापासून आम्ही दोघंही वेबसाइटच म्हणतो.

वेबसाइट वर्डप्रेसवर करायची, हे मी मनाशी ठरवून टाकलं. ही एक कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम आहे, सरकारी मराठीत 'आशय व्यवस्थापन प्रणाली', असं समजावून सांगू लागलो तर आत्या म्हणाली, "कुठली प्रणाली? डोंबिवलीची? तिचं जमलं की." वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ला आली आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइटी तिच्यावर उभ्या आहेत, ही माहिती मी गिळून टाकली. दुसरा पर्याय होता जूमला. २००५ साली निघालेल्या या प्रणालीचं नाव स्वाहिलीतल्या 'जुमला' या शब्दावरून घेतलेलं आहे. तो मूळचा अरबी शब्द आपल्याकडेही आला आणि जुन्या हिशेबाच्या वह्यांत 'एकूण' या अर्थाने नांदला. पण हल्ली जुमला म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात. लग्नाच्या व्यवहारात असली जोखीम कशाला घ्या.

"बाकी काही नको," आत्या म्हणाली, "फक्त माझा फॉर्म जसाच्या तसा त्यात घाल."

तिचा फॉर्म म्हणजे फुलस्केप कागदाच्या दोन्ही बाजू. मूळ सायक्लोस्टाइलचा, पुढे झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स होत होत जरा तिरका झालेला. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण या ओळी झाल्या की चौकोन सुरू होतात. आत्याने पट्टी धरून काढलेले चौकोन. 'स्वतःविषयी'मध्ये शाकाहारी, धूम्रपान, मद्यपान, चष्मा, मंगळ. 'अपेक्षा'मध्ये नोकरी करणारी, घरकामाची आवड असणारी, एकत्र कुटुंबात राहणारी, पत्रिका जुळणारी, परदेशी जाण्याची तयारी असणारी. (मुलींसाठीचा कागद वेगळा, त्यात 'घरकामाची आवड'च्या जागी 'स्वतःचं घर' आहे. वाचकांनी काय तो अर्थ काढावा.) शेवटी 'चालेल' हा गट: घटस्फोटित, विधुर किंवा विधवा, मंगळ, आंतरजातीय. आणि वरती सूचना, 'योग्य त्या चौकोनात बरोबरची खूण करावी.'

चौकोन आणि त्यात टिक. एचटीएमएलमध्ये याला चेकबॉक्स म्हणतात आणि तो लिहायला एक ओळ पुरते. चहा होईपर्यंत करतो, असं मी सांगितलं. ही गोष्ट नोव्हेंबरातली. चेकबॉक्स धड झाले तेव्हा आंब्याला मोहर येऊन गेला होता.

पहिला फॉर्म मी हातानेच लिहिला. प्लगइन वगैरे घेणं मला कमीपणाचं वाटलं. फॉर्म भरला की पीएचपीच्या चार ओळी ती माहिती उचलतात आणि आत्याला ई-मेल करतात, अशी योजना. आत्याकडे आलेली प्रत्येक ई-मेल ती छापते, भोकं पाडते आणि फायलीला लावते. पहिल्याच दिवशी तिचा फोन. "अरे, या मुलीच्या कागदावर लिहिलंय, 'मंगळ: ऑन'. मंगळ ऑन म्हणजे? बंद पण करता येतो का?"

चूक माझीच होती. चेकबॉक्सला त्याची किंमत, म्हणजे टिक केल्यावर कुठला शब्द पाठवायचा ते, सांगून ठेवावं लागतं. नाही सांगितलं तर ब्राउझर आपल्या मनाने 'ऑन' एवढंच पाठवतो. मी ते दुरुस्त केलं. पण ऑन-ऑफ करता येणारा मंगळ ही कल्पना आत्याला इतकी आवडली की अजूनही एखाद्या अडलेल्या पत्रिकेवर ती पुटपुटते, "जरा ऑफ करता आला असता तर."

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन. या वेळी स्वर काळजीचा. "सगळं ठाणं परदेशी चाललंय का रे? सात मुलं आली, सातही जणांची अपेक्षा एकच, परदेशी जाण्याची तयारी. दुसरं कोणाला काही नकोच?" मी कोड उघडून बघितला आणि कपाळाला हात लावला. एका गटातल्या पाच चेकबॉक्सना मी एकच नाव दिलं होतं. नावापुढे चौकोनी कंस घातला तर पीएचपी पाचही उत्तरं गोळा करते. मी तो घातला नव्हता, म्हणून ती एकावर एक लिहीत गेली आणि शेवटचं तेवढं शिल्लक राहिलं. बिचाऱ्यांनी पत्रिका, नोकरी, घरकाम, एकत्र कुटुंब असं सगळं मागितलं होतं. यादीत शेवटचं परदेश, म्हणून सगळ्यांची रवानगी परदेशी.

मग मी नाक मुठीत धरून प्लगइन घेतलं. कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हन. ताकायुकी मियोशी नावाच्या जपानी माणसाने लिहिलेलं हे प्लगइन वर्डप्रेसवाल्यांच्या घरात मिठाच्या बरणीसारखं असतं. (जपानी शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात आणि टिकसारखी रेघ चुकलेल्या उत्तरावर मारतात. जपानी मुलाने आत्याचा फॉर्म भरला तर काय होईल, हा विचार माझ्या मनात बरेच दिवस येऊन गेला.) या प्लगइनमध्ये चौकोनी कंसात चेकबॉक्स हा शब्द लिहायचा, पुढे गटाचं नाव, पुढे अवतरणचिन्हांत एकेक पर्याय. पर्यायांच्या आधी एखादा जादूचा शब्द टाकला की चेकबॉक्सचा स्वभाव बदलतो. चेकबॉक्सपुढे चांदणी दिली की गट सक्तीचा होतो, म्हणजे निदान एक टिक केल्याशिवाय सुटका नाही. 'फ्री-टेक्स्ट' म्हटलं की शेवटच्या पर्यायापुढे लिहायला जागा मिळते. ती जागा मी 'इतर अपेक्षा' म्हणून दिली. आजवर तिथे एकच शब्द येतो, 'अनुरूप'. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती जाऊन ॲप आली, पण अनुरूप काही हलला नाही.

तिसरा शब्द 'एक्सक्लुझिव्ह'. हा मी न वाचता टाकला, कारण तो भारदस्त दिसला. त्याचा अर्थ असा की या गटात एका वेळी एकच टिक राहील, दुसरी केली की पहिली पुसली जाईल. तसं करायचं तर रेडिओ बटण असतं. मोटारीतल्या जुन्या रेडिओवर बटणांची रांग असायची, एक दाबलं की आधी दाबलेलं टप्पकन वर यायचं, त्यावरून ते नाव. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आत्या टॅबवर फॉर्म भरून बघायला बसली, समोर मुलाची आई. 'नोकरी करणारी'वर टिक केली. मग 'घरकामाची आवड असणारी'वर केली, तर नोकरी गेली. परत नोकरी आणली, तर घरकाम गेलं. 'एकत्र कुटुंब' म्हटलं तर दोन्ही गेली. चार वेळा करून बघितल्यावर मुलाची आई वैतागून म्हणाली, "अहो, हे एका वेळी एकच देतंय!"

आत्या म्हणाली, "बरोबर आहे त्याचं."

तो शब्द मी काढून टाकला, पण तो तसाच ठेवायला हवा होता असं आत्याचं मत आहे.

दिसण्याचाही प्रश्न होता. ब्राउझरचा आपला घरचा चेकबॉक्स साधारण तेरा पिक्सेलचा असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने मुलीचं स्थळ नोंदवायला आलेल्या गृहस्थांना मोबाइलवर तो चौकोन म्हणजे धुळीचा कण वाटला आणि त्यांनी तो तीनदा रुमालाने पुसला. बोटाने दाबायच्या जागा निदान चोवीस पिक्सेलच्या असाव्यात, असं सुलभतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत २०२३ पासून लिहिलेलं आहे. त्यावर सोपा उपाय म्हणजे लेबल. चौकोनाशेजारचा मजकूर त्याचं लेबल म्हणून बांधून दिला की 'शाकाहारी' या शब्दावर कुठेही बोट टेकवलं तरी टिक होते. प्लगइनमध्ये त्यासाठीही शब्द आहे. एका शब्दाने इतक्या ज्येष्ठ नागरिकांचे शिव्याशाप टळतात, हे मला आधी कळायला हवं होतं.

रंगाचं मात्र माझं मीच ओढवून घेतलं. लग्नाची वेबसाइट, टिक कुंकवाच्या रंगाची हवी, हे माझंच म्हणणं. पूर्वी यासाठी खरा चेकबॉक्स लपवायचा आणि त्याच्या जागी खोटा चौकोन काढायचा, अशी रीत होती. मी तसंच केलं. फार सुंदर दिसला. कोपरे गोल, कडेला अक्षतांची नक्षी. पण खरा चेकबॉक्स पूर्ण गायब केल्यामुळे कीबोर्डच्या टॅबने त्याच्यावर जाताच येईना. आणि आत्या टायपिंगच्या क्लासला गेलेली बाई, माउसला ती उंदीरच म्हणते आणि तसंच वागवते. ती टॅब दाबत राहिली आणि फॉर्म 'शिक्षण'वरून थेट 'पाठवा'वर उड्या मारत राहिला. शेवटी समजलं की २०२१ पासून बहुतेक ब्राउझरांत 'ॲक्सेंट-कलर' नावाची सोय आहे. खरा चेकबॉक्स राहतो तिथेच, फक्त रंग सांगायचा. एक ओळ. माझ्या नक्षीच्या नव्वद ओळी मी जड अंतःकरणाने पुसल्या. लाल टिक बघून आत्या म्हणाली, "निळी चालली असती. लाल शाई मी वह्या तपासताना वापरायची."

एवढं झाल्यावर माझ्यातल्या तपासनिसाने डोकं वर काढलं. चाचणीसाठी मी एक मुलगा तयार केला. नाव अबक, आडनाव कखग. वय एकोणतीस, उंची पाच फूट दहा इंच. व्यसन एकही नाही. 'चालेल'च्या गटात चारही टिक. 'अपेक्षा' गट तेव्हा सक्तीचा नव्हता, म्हणून तिथे काहीच केलं नाही. 'पाठवा' दाबलं, हिरवी चौकट आली, मी समाधानाने झोपलो.

खरी गोष्ट पुढच्या शनिवारी झाली. मी सहज गेलो होतो. आत्या फाइल आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून बसली होती, कपाळाला आठी.

"या फॉर्मात तू दारू-सिगरेट विचारायचं काढून टाकलंस का?"

"नाही. आहे की."

"मग कागदावर का येत नाही? एकाही मुलाच्या कागदावर 'व्यसन' ही ओळच नाही."

मी बघितलं. खरंच नव्हती. प्लगइनच्या ई-मेलच्या पानावर एक सोय असते, 'रिकाम्या राहिलेल्या ओळी वगळाव्यात', आणि ती सोय कशी चालू करायची? अर्थात चेकबॉक्सवर टिक करून. मी सुटसुटीत दिसावं म्हणून ती केली होती. ज्याने मद्यपानावर टिक केली नाही, त्याची ओळ रिकामी, म्हणून ती ओळच हजर नाही. पण ही सोय बंद केली तरी फार काही हाती लागलं नसतं, कारण मुळात चेकबॉक्सचं वागणंच तसं आहे. त्यावर टिक असेल तर ब्राउझर सांगतो, आहे. नसेल तर 'नाही' असं सांगत नाही. काहीच सांगत नाही. जणू तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं प्रमाणक टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांच्या नावाने नोव्हेंबर १९९५ मध्ये निघालं, १८६६ क्रमांकाचा दस्तऐवज तो. त्यातच लिहून ठेवलंय की टिक न केलेले चौकोन पाठवलेल्या माहितीत येऊ नयेत. तेव्हापासून जगभर हेच चालू आहे.

मी हे आत्याला समजावून सांगितलं. म्हणजे चेकबॉक्सला नाही म्हणताच येत नाही, तो फक्त हो म्हणतो किंवा गप्प बसतो.

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. "हा तुझा चेकबॉक्स मुलाकडच्यांनी बनवलाय का रे?"

मग तिने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. नववं रजिस्टर, कापडी पाठीचं, कोपरे मऊ पडलेले. मी ते लहानपणापासून बघत आलोय, पण वाचलं कधी नव्हतं. प्रत्येक पानावर फॉर्म चिकटवलेला आणि चौकोनांत टिका. पण सगळ्या टिका सारख्या नव्हत्या. काही निळ्या शाईच्या, ठसठशीत. काही पेन्सिलीच्या, हलक्या हाताने केलेल्या. काही पेन्सिलीच्या टिकांशेजारी एक टिंब.

"शाईची म्हणजे खरी," आत्या म्हणाली. "पेन्सिलीची म्हणजे 'चालेल' म्हणतात, पण चालणार नाही. हे बघ, 'हुंडा नको' ही सगळ्यांची पेन्सिलीची. देणंघेणं काही नाही, फक्त मुलीच्या आईवडिलांची हौस, असं तोंडाने सांगतात, ती पेन्सिल. टिंब म्हणजे मी परत एकदा विचारलं आणि तेव्हा आवाज बदलला."

"आणि रिकामा?"

"रिकामा म्हणजे फोन करायचा. तू मला दिलेल्या कागदावर रिकामा चौकोनच नाही. मग मी फोन कशावरून करू?"

एका पानावर 'आंतरजातीय चालेल' पुढे पेन्सिलीची टिक होती, तिच्यावरूनच शाईची गिरवलेली होती आणि बाजूला तारीख होती. मी विचारलं तर ती म्हणाली, "मुलगी स्वतः आली होती. आईला खाली रिक्षात बसवून." हा चौकोन आत्याच्या छापील फॉर्मात शेवटून पहिला आहे आणि सगळ्यात बारीक. वेबसाइटवर तिने तो मला गटाच्या पहिल्या ओळीत टाकायला लावला. कारण विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

आता मला इरेला पेटण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पेन्सिलीची टिक वेबसाइटवर आणायची. योगायोग असा की चेकबॉक्सला खरोखरच तिसरी अवस्था आहे. इंग्रजीत तिला 'इनडिटरमिनेट' म्हणतात, चौकोनात टिकऐवजी आडवी रेघ येते. ई-मेलच्या यादीत काही ओळी निवडल्या आणि काही सोडल्या की वरच्या मुख्य चौकोनात दिसते ती. ही अवस्था एचटीएमएलमध्ये लिहून मिळत नाही, जावास्क्रिप्टनेच आणावी लागते. एका रात्रीत मी ती आणली. 'चालेल'च्या गटात एकदा दाबलं की रेघ, दुसऱ्यांदा दाबलं की टिक, तिसऱ्यांदा रिकामा. रेघेचं नाव मी ठेवलं 'बघू'.

लोकांना ती रेघ फारच मानवली. पहिल्या पंधरवड्यात मी मुद्दाम आत्याच्या टॅबवर फॉर्म भरणारी माणसं न्याहाळली. शाकाहारीवर ठाम टिक. चष्म्यावर ठाम टिक. 'चालेल'ला आले की बोट एकदा टेकायचं, आडवी रेघ उमटायची, चेहरा सैल व्हायचा आणि माणूस पुढच्या ओळीवर जायचा. घटस्फोटित, रेघ. मंगळ, रेघ. आंतरजातीय, रेघ. शांतपणे, कुणाचं मन न दुखवता.

आणि ई-मेलमध्ये? काहीच नाही. त्या गटाची ओळ साफ कोरी. कारण ती रेघ नुसती दिसण्यापुरती असते. फॉर्म पाठवताना ब्राउझर एवढंच विचारतो, टिक आहे की नाही. रेघ म्हणजे टिक नाही. टिक नाही म्हणजे गप्प.

मी अपराधी चेहऱ्याने आत्याला सांगितलं, "'बघू' म्हटलेलं पोचतच नाही गं. ते 'नाही'सारखंच धरलं जातं."

"मग त्यात तुझी काय चूक?" ती म्हणाली. "पस्तीस वर्षं मी तेच धरत आले."

याच सुमारास शेजारचे काका, तेच जावईवाले, मंडळाच्या प्रगतीत लक्ष घालू लागले. त्यांची सूचना अशी की फॉर्मच्या तळाशी 'मंडळाचे संदेश व्हॉट्सॲपवर मिळावेत' असा चेकबॉक्स ठेवावा आणि टिक आधीच करून ठेवावी. "सगळे तसंच करतात. कोण वाचतंय?" मी कायद्याचा आधार घेतला. जर्मनीतल्या एका लॉटरीच्या वेबसाइटच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला स्पष्ट सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडेही ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला गंडवायच्या तेरा युक्त्यांची यादी आहे, न विचारता टोपलीत काहीतरी सरकवून देणं त्यात आलं. काकांनी "हो का?" असं म्हणून चहा मागितला. पण आत्या आतून म्हणाली, "युरोपच्या कोर्टाला एवढा वेळ लागला? मी बायोडेटा घेताना विचारते, मुलीला विचारलंय ना? तर म्हणतात, 'तिला काय विचारायचं, ती आमच्या शब्दाबाहेर नाही.' ही तुमची आधीच टिक केलेली मुलगी."

त्यावरून आम्ही शेवटचा चेकबॉक्स घातला. प्लगइनमध्ये त्याची वेगळी जात आहे, ॲक्सेप्टन्स म्हणतात. त्यावर टिक होईस्तोवर 'पाठवा'चं बटण दाबलंच जात नाही. मजकूर आत्याने लिहिला: 'ही माहिती मी स्वतः उमेदवार म्हणून, माझ्या संमतीने भरली आहे.' आणि मला वाटलं, चला, आता काही फट राहिली नाही.

महिन्याभराने बुधवारी फोन वाजला. मी तिथेच होतो. एक मुलगी बेंगळुरूहून बोलत होती. तिला आपल्याच नावाच्या स्थळाची चौकशी आली होती आणि तिने तर कुठला फॉर्म भरलेला नव्हता. आत्याने फाइल काढली. कागदावर सगळं शिस्तीत होतं, संमतीची ओळही. फॉर्म पाठवल्याची वेळ दुपारी अडीचची. "तुझे बाबा दुपारी घरी असतात का गं?" आत्याने विचारलं. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग ती मुलगी हसली असावी, कारण आत्याही हसली. नंतर दहा मिनिटं दोघी बोलत होत्या. लग्नाचं नाही, बेंगळुरूच्या पावसाचं, नोकरीचं, डब्याचं. फोन ठेवून आत्याने तो कागद फाइलमधून काढला, रजिस्टरात कोऱ्या पानावर चिकटवला आणि छापील फॉर्मातल्यासारखे सगळे चौकोन पट्टी धरून हाताने काढले. सगळे रिकामे ठेवले.

"ती स्वतः फोन करणार आहे," ती म्हणाली. "करेल तेव्हा करेल."

मग मी चेकबॉक्स बरेच कमी केले. 'चालेल'च्या गटात आता रेडिओ बटणं आहेत, प्रत्येक ओळीला 'हो', 'नाही', 'बघू', आणि तिन्हीपैकी जे दाबाल ते शब्दाने पोचतं. तंत्राच्या दृष्टीने हे अगदी निर्दोष आहे. चार महिने झाले, 'नाही' अजून एकानेही दाबलेलं नाही. वेबसाइटवरून आलेला प्रत्येक कागद आत्या रजिस्टरात चिकटवते आणि छापील 'बघू'शेजारी पेन्सिलीने आपली खूण करते. पंधरावं रजिस्टर आणलंय.

परवा तिच्याकडे गेलो तर ती कुठलीशी यादी करत होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलास. त्या मुलाला चार चौकश्या आल्यात."

"कुठल्या मुलाला?"

तिने फाइलमधला कागद काढून दाखवला. अबक कखग. वय एकोणतीस, पाच फूट दहा. घटस्फोटित चालेल, विधवा चालेल, मंगळ चालेल, आंतरजातीय चालेल. 'व्यसन' ही ओळ नाही. 'अपेक्षा' ही ओळ नाही.

"अगं आत्या, तो मी चाचणीसाठी बनवलाय. असा कोणी मुलगाच नाही!"

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. अपेक्षा नसलेला मुलगा असतो का कुठे? आणि पत्त्याच्या जागी तू 'पत्ता' लिहिलंयस."

"मग फाइलला कशाला लावलास? त्या चौघांना काय सांगितलंस?"

आत्याने कागद परत फाइलला लावला आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"काय सांगणार? कळवतो म्हणालेत, म्हटलं."